खोलीची शांतता

सॉरवूड, केंटकी
२ मार्च २०१०

प्रिय लोवेल,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. ई-मेलवर तू दोन ओळी खरडतोस आणि खाली नाव लिहायचाही कंटाळा करतोस, म्हणून कागद. कागदाला उत्तर द्यायची माणसाला लाज तरी वाटते.

माझा टेपचा कॅमेरा मरायला टेकलाय. चित्रावर आडवे पट्टे येतात, टेप आत अडकून बसते, आणि नव्या टेपा आता गावात मिळत नाहीत. सोळा वर्षांचा असताना तू माझ्या दुकानात कामाला लागलास, तेव्हा मी तुला सांगितलं होतं की कॅमेरा आणि नवरा दोन्ही बदलायची वेळ आधीच कळायला हवी. मला दोन्ही वेळा उशिरा कळलं.

लग्नाची कामं संपली. आता नवरीचा मामाच फोन उंच धरून उभा राहतो. मी सध्या करते ते बहुतेक वकिलांचं. फुप्फुसं काळी पडलेले म्हातारे खाणकामगार, कोर्टाच्या पायऱ्या चढण्याइतका दम ज्यांच्यात उरलेला नाही. मी त्यांच्या घरी जाते. दोन्ही बाजूंचे वकील बसतात, कोर्टाची लघुलेखिका कोपऱ्यात बसते, म्हातारा शपथ घेऊन बोलतो. खटला उभा राहीपर्यंत तो बहुतेक गेलेलाच असतो, मग ज्युरीला ते चित्र दाखवतात. नियम साधे. एकच चौकट, कोपऱ्यात घड्याळ, कापाकापी शून्य. आणि खाली माझी सही, की जे झालं ते असंच झालं.

घोडं अडतं ते ऑक्सिजनच्या यंत्रापाशी. ते मेलं दिवसभर घुमत असतं आणि बंद करता येत नाही. गेल्या हिवाळ्यात ज्युरीतल्या एकानं जज्जांना चिठ्ठी दिली की म्हातारा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही.

एप्रिलमध्ये एक जबानी घ्यायची आहे. धुळीचे मास्क बनवणाऱ्या कंपनीवर दावा आहे. सव्वीस वर्षं तो मास्क तोंडाला बांधून माणूस खाणीत उतरला आणि धूळ तरीही आत गेलीच. डॉक्टर म्हणतात, त्याला उन्हाळा दिसणार नाही. नाव विचारू नकोस, मी सांगणार नाही. पण ही जबानी बिघडली तर दुसरी घेता येणार नाही, आणि त्याच्या बायकोच्या हातात याशिवाय काहीही राहणार नाही.

तेव्हा कॅमेरा कुठला, एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलं आणि त्या घुमणाऱ्या यंत्राचं काय करायचं, ते सांग. उंटावरून शेळ्या हाकायला तुला नाहीतरी आवडतंच.

तुझी,
व्हर्लीन साइझमोर


बरबँक, कॅलिफोर्निया
१४ मार्च २०१०

प्रिय व्हर्लीनबाई,

लाज वाटली, म्हणून कागद. अक्षर वाचता आलं नाही तर दोष तुमचा. माझ्या हातात पेनाऐवजी कात्री तुम्हीच दिलीत.

आधी कॅमेरा. सध्या जो तो फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढतोय. माणूस देखणा दिसतो, मागची झाडं लोण्यासारखी वितळतात. त्याच्या नादी लागू नका. तो बारा मिनिटांनी आपोआप थांबतो, तापतो, आणि त्याला कान जवळपास नाहीतच. तुमचा म्हातारा तेराव्या मिनिटाला मुद्द्याचं बोलला तर काय कराल? सोबतच्या छापील पानावर मी एकाला गोल केलाय, तो घ्या. दिसायला ठोकळा आहे, पण तासन्‌तास न कुरकुरता चालतो. दोन माइक घट्ट बसतात. दोन कार्डं लागतात, एक भरलं की दुसरं आपोआप सुरू होतं.

आता सॉफ्टवेअर. एक आहे, जे आमच्याकडे सगळे वापरतात. ते शिकायला तुम्हाला वर्ष लागेल आणि वर्षभर शिव्या मला बसतील. दुसरं सुरेख आहे, पण त्याचा संसार एकाच कंपनीच्या संगणकावर. तुम्ही तिसरं घ्या. तुमच्या आहे त्या संगणकावर ते चालेल, आणि त्यात मी सगळं आधीच बांधून देईन. तुम्ही कार्ड लावून एक बटण दाबायचं. आत घेता घेताच ते घड्याळ बसवेल, आवाज धुऊन काढेल आणि कोर्टाला चालेल अशी फाइल करून ठेवेल.

टेप विसरा आता. कार्डाचा मंत्र तीन शब्दांचा आहे: उतरवा, तपासा, पुसा. पुसलं नाहीत तर पुढच्या कामाला कार्ड भरलेलं निघेल आणि तुम्ही भर माणसांत मला फोन कराल.

यंत्राच्या आवाजासाठी मला एकच गोष्ट हवी, तीही तुम्हीच शिकवलेली. कॅमेरा आणि माइक लावून झाले की सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसवा आणि नुसती खोली रेकॉर्ड करा. आमच्याकडे अजूनही तिला खोलीची शांतता म्हणतात, आणि अजूनही त्यात कोणीतरी शिंकतंच. ते तीस सेकंद मला पाठवा. त्यावरून सॉफ्टवेअर शिकतं की या खोलीत नकोसा आवाज कुठला, आणि मग तेवढाच सगळ्या जबानीतून काढून टाकतं.

बापाचं काही कळवू नका. तुम्ही कळवणार नाही हे माहीत आहे, तरी सांगून ठेवतो. संपाच्या वर्षी खाणीच्या फाटकावर मी चित्रं घेतली आणि त्यांत तो संप मोडून आत जाताना दिसला, ती टीव्हीवर लागली, तेव्हा कॅमेरा तुमचा होता. म्हणजे पाप अर्धं तुमचंही. ‘जे दिसतं ते सगळं दाखवायचं नसतं,’ असं म्हणून त्यानं दार लावलं. एकोणीस वर्षं झाली. मी दार वाजवलेलं नाही आणि त्यानं उघडलेलं नाही.

तुमचा,
लोवेल नेपिअर


सॉरवूड, केंटकी
२९ मार्च २०१०

प्रिय लोवेल,

ठोकळा आला. खरंच ठोकळा आहे, पण हातात बरा बसतो. सॉफ्टवेअरही घातलं. आता माझ्या संगणकावर इतकी बटणं दिसतात की मी फक्त तू सांगशील तेवढंच दाबणार, बाकीच्यांकडे बघणारसुद्धा नाही.

काल त्या घरी जाऊन सगळं लावून पाहिलं. खिडकी कुठे, दिवा कुठे, माइक शर्टाला कुठे लावायचा. म्हातारा आरामखुर्चीत बसून असतो, निजतोही तिथेच. आडवं झालं की जीव कासावीस होतो म्हणे. मी कॅमेरा तिवईवर चढवत होते तेव्हा तो म्हणाला, “हे नवीन धूड कोणाच्या सल्ल्यानं घेतलंस?”

मी म्हटलं, “माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा आहे. आता मोठा एडिटर झालाय.”

त्यानं कॅमेऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, “मग ठीक असेल.”

तीस सेकंद घेतले. बायकोनं फ्रिज बंद केला, कुत्र्याला बाहेर बांधलं. कोणीही शिंकलं नाही. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत बसला होता. गप्प बसायचं त्याला चांगलं जमतं, जन्मभर तेच केलंय. सोबतच्या डिस्कवर त्या तीस सेकंदांचा नुसता आवाज आहे, चित्र नाही. मागचंपुढचं बोलणं मी काढून टाकलंय, वकिलांचा नियम आहे.

परतताना बायकोनं बीन्स आणि मक्याचा ब्रेड बांधून दिला. स्वतःच्या घरी मरण ताटकळत बसलेलं असताना माणसं दुसऱ्याच्या पोटाची काळजी कशी करतात, मला कळत नाही.

लवकर कर. त्याच्याकडे दिवस थोडे आहेत.

तुझी,
व्हर्लीन


बरबँक
७ एप्रिल २०१०

प्रिय व्हर्लीनबाई,

सोबतच्या डिस्कवर तुमचं बटण आहे. हिरवा चौकोन. दुसऱ्या कशाला हात लावू नका.

फुशारकी मारतो, ऐकून घ्या. यंत्राचं घुमणं सोपं होतं, ते पाच मिनिटांत गेलं. पण त्याच्या खाली आणखी एक आवाज आहे. चढतो, उतरतो, मध्येच ओला होतो, मध्येच तळाशी खडे असलेल्या किटलीसारखा खडखडतो. यंत्र सारखं एकाच सुरात घुमतं, हा मात्र बेतालपणे थांबून थांबून येतो, त्यामुळे सॉफ्टवेअर फसत होतं. मी दोन संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसलो. ते तीस सेकंद चाळीस-पन्नास वेळा तरी ऐकले असतील. शेवटी पकडला. आता दोन शब्दांच्या मध्ये त्याचा मागमूस राहणार नाही. चर्चमध्ये बसून बोलतोय असं वाटेल तुमच्या म्हाताऱ्याला ऐकून.

मला वाटतं त्या यंत्राची नळी कुठेतरी गळतेय. घरच्यांना सांगा, तपासून घ्या म्हणावं.

‘मग ठीक असेल’ हे शब्द मी फळ्यावर लिहून ठेवलेत. इथला निर्माता एवढंसुद्धा म्हणत नाही.

तुमचा,
लोवेल


सॉरवूड
३ मे २०१०

प्रिय लोवेल,

जबानी २१ एप्रिलला झाली. एक तास पन्नास मिनिटं. ठोकळा एकदाही रुसला नाही. घरी येऊन हिरवा चौकोन दाबला, फाइल झाली, दोन ठिकाणी ठेवली, पहिली दहा मिनिटं तपासली आणि कार्ड पुसलं. उतरवा, तपासा, पुसा. म्हाताऱ्याच्या वकीलबाई ट्रिव्हेट म्हणाल्या की इतकी स्वच्छ जबानी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मी श्रेय तुला दिलं.

म्हातारा शुक्रवारी गेला. त्याच खुर्चीत. काल दफन केलं. मी सफरचंदाचा थरांचा केक नेला होता. लग्नात बाया प्रत्येकी एकेक थर करून आणतात तसा नव्हे, सगळा मीच केलेला, कारण मला रात्रभर काहीतरी हातांना हवं होतं.

नळी गळत नव्हती. यंत्राला पाण्याची बाटली असते, ती बुडबुडत असेल.

लोवेल, एक सांगते आणि त्याचं कारण विचारू नकोस. घरी एक फोन कर.

तुझी,
व्हर्लीन


बरबँक
११ जून २०१०

प्रिय व्हर्लीनबाई,

तुमच्या कामाचं चांगलं झालं, आनंद आहे. म्हातारा गेला याचं वाईट वाटलं; ओळख नव्हती, पण त्याच्या खोलीत दोन संध्याकाळी बसलो होतो.

फोनचं मात्र राहू द्या. तुम्ही मध्यस्थी करायला लागलात की मला सोळा वर्षांचं झाल्यासारखं वाटतं. त्याला बोलायचं असेल तर माझा नंबर एकोणीस वर्षांत बदललेला नाही. आधी कोण, यावरच अडलंय, तर तसंच अडू द्या.

नव्या मालिकेत अडकलोय. पुढचे काही महिने पत्र येणार नाही, रागावू नका.

तुमचा,
लोवेल


सॉरवूड
१७ नोव्हेंबर २०१०

लोवेल,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. दार लाव, बस आणि मग वाच.

तो म्हातारा एस्टिल नेपिअर होता. तुझा बाप.

मी तुला सांगितलं नाही, कारण त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाला तो एकाच अटीवर. म्हणाला, “त्याला कळलं तर तो येईल, आणि दारात उभा राहून माझ्याकडे बघेल. मला तसं कोणी बघायला नकोय.” मी हो म्हटलं. त्याच्या दुसऱ्या बायकोलाही, ओमाला, त्यानं हीच शपथ घातली होती. दफनाच्या दिवशी मी तुझा नंबर दोनदा फिरवला आणि दोनदा ठेवला. मेलेल्याला दिलेला शब्द मोडू नये, असं लहानपणापासून ऐकत आले. तो मोडायला हवा होता. तू मला काय म्हणशील ते म्हण, मी ऐकून घेईन.

पण एवढंच नाही.

जानेवारीत खटला उभा राहतोय. मास्कच्या कंपनीच्या डॉक्टरानं ती जबानी पाहून लिहून दिलंय की साक्षीदार जवळपास दोन तास दम न लागता बोलतो. त्याचं फुप्फुस दाव्यात म्हटलंय इतकं गेलेलं असूच शकत नाही. ट्रिव्हेटबाईंना हसू आलं. त्या स्वतः त्या खोलीत होत्या. एस्टिल एका वाक्याला तीनदा थांबत होता, आणि प्रत्येक श्वास भिजल्या पोत्यातून ओढल्यासारखा येत होता. लघुलेखिकेची बोटं थांबायची, ती खाली बघायची. त्या म्हणाल्या, चला, ओमाला दाखवू, तिची तयारी होईल.

ओमा जबानीच्या वेळी स्वयंपाकघरात होती, तिनं काही पाहिलेलं नव्हतं. पाच मिनिटं पाहून ती म्हणाली, “हा एस्टिल नाही.”

ट्रिव्हेटबाई म्हणाल्या, “अहो, असं काय करता?”

“याचा श्वास कुठाय?” ओमा म्हणाली. “अकरा वर्षं मी तो ऐकत झोपलेय. तो थांबला की मला जाग यायची. कुठाय तो?”

मग आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा खरंच ऐकलं. तोवर आम्ही, जे त्या खोलीत होतो ते, आठवणीनं ऐकत होतो. श्वास नाहीच. एकही नाही. शब्द येतो, मग चर्चसारखी शांतता, मग शब्द. खांदे वर जातात, खाली येतात, पण आवाज नाही, त्यामुळे तो नाटक करतोय असं वाटतं. आणि श्वासासाठी जिथे थांबतो तिथे तो उत्तर जुळवत बसलाय असं दिसतं. खोटं बोलणाऱ्या माणसासारखा दिसतो, लोवेल.

ती नळी नव्हती. पाण्याची बाटलीही नव्हती. तुझ्या पत्रातली ती ओळ मी एप्रिलमध्ये वाचली आणि पुढे गेले. तीस सेकंदांत यंत्र होतं आणि तो होता. आपण दोघांनी मिळून सॉफ्टवेअरला शिकवलं की या खोलीतला नकोसा आवाज हा.

मूळ रेकॉर्डिंग नाही. मी तीस वर्षं टेपवर काम केलंय. टेप संगणकात उतरवली तरी टेप फळीवर राहतेच. हिरवा चौकोन दाबला म्हणजे उतरलं, असंच मी समजले. जे उतरलं ते धुतलेलं होतं, आणि मी दोन ठिकाणी जपून ठेवलं तेही धुतलेलंच. कार्ड पुसलं. त्यावर नंतर सात कामं झाली.

त्या फाइलीखाली माझी सही आहे, की यात काहीही बदललेलं नाही. मी आता सांगितलं की बदललंय, तर जज्ज ती फाइल बाहेर टाकतील आणि एस्टिल कोर्टात उभाच राहणार नाही. गप्प बसले, तर ज्युरीला एक धडधाकट म्हातारा दिसेल जो खोटं बोलतोय. ओमा काही म्हणत नाही. ती फक्त विचारते, “परत घालता येईल का?”

तुला विचारते. येईल का?

व्हर्लीन


बरबँक
२ डिसेंबर २०१०

व्हर्लीनबाई,

पत्र मिळालं. दोन आठवडे उत्तर लिहायला बसलो आणि तुम्हाला नको ते लिहून फाडलं. ते तुम्हाला पाठवण्यात अर्थ नाही. वचन तुम्ही पाळलंत, फोन मी केला नाही. तुम्ही मेमध्ये सांगितलं होतंत. मी जूनमध्ये ऐटीत नाही म्हटलं, आणि तेव्हा त्यांना पुरून सहा आठवडे झाले होते.

कार्ड पाठवा. आहे तसं, कॅमेऱ्यात पुन्हा न घालता. इथे एक माणूस आहे, पुसलेलं काढतो.

श्वास परत घालता येत नाही. धुतलेल्यात तो उरलेलाच नाही. मूळ तीस सेकंद माझ्याकडे आहेत, त्यांची प्रत सोबत पाठवतोय. ट्रिव्हेटबाईंना द्या. माणसाचा श्वास होता हे त्यावरून तरी सिद्ध होईल.

आणि सही परत घेऊ नका. हात जोडतो. ज्युरीला खांदे तरी दिसतील. चेहरा दिसेल. मी पोटासाठी रोज खोटं चित्र खरं करतो, त्यामुळे मला ठाऊक आहे, लोक डोळ्यांवर विश्वास ठेवतात. ते चित्र काढून टाकलंत तर कोर्टात बाबांचं काहीही राहणार नाही.

लोवेल


सॉरवूड
२० फेब्रुवारी २०११

प्रिय लोवेल,

खटला संपला. आपण हरलो.

तुझ्या माणसानं कार्डातून जबानीऐवजी नंतरच्या कामातला शाळेचा बँड काढला, तेव्हाच मला कळलं होतं की आता दुसरा रस्ता नाही. मी सांगितलं. जज्जांसमोर उभी राहून सांगितलं की सही माझी, चूक माझी, फाइल बदललेली आहे. तुझं ऐकलं नाही, कारण ती फाइल मी रोज बघत होते आणि रोज एस्टिल जास्त खोटारडा दिसत होता. संपाच्या वर्षी माझ्या कॅमेऱ्यानं त्याला गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, पण निदान ते चित्र खरं होतं. त्याच्या मरणानंतर माझ्याच कॅमेऱ्यानं त्याला लबाड ठरवावं, हे मला सोसवलं नाही.

तीस सेकंदही दिले होते. ट्रिव्हेटबाई खूप भांडल्या. जज्ज म्हणाले की शपथ घेण्याआधीचं आहे, कोणाचा श्वास आहे हे कोण सांगणार, आणि कोणी काहीच बोलत नाही त्याला साक्ष म्हणत नाहीत.

मग इथली रीत आहे तसं झालं. लघुलेखिकेनं टाइप केलेली पानं वाचायची. वकीलबाईंच्या ऑफिसातला एक वकील साक्षीदाराच्या खुर्चीत बसला आणि त्यानं एस्टिलची उत्तरं वाचली. गुलाबी गालांचा, दर शनिवारी डोंगरावर पळायला जाणारा. ट्रिव्हेटबाईंनी विचारलं, “किती पायऱ्या चढता येतात?” तो खणखणीत आवाजात म्हणाला, “तीन. मग बसावं लागतं.” ज्युरीतल्या एका बाईला हसू आवरावं लागलं. टाइप केलेल्या पानात श्वास नसतो, लोवेल. लघुलेखिका शब्द लिहिते, तेवढंच तिचं काम.

दोन तासही लागले नाहीत त्यांना. ओमा कोर्टाबाहेर मला म्हणाली, “खरं सांगितलंस ते बरं केलंस,” आणि माझ्या गाडीत न बसता पुतण्याच्या गाडीत बसून गेली. वकिलांनी माझं नाव यादीतून काढलंय. ठोकळा पेटीत घालून ठेवलाय.

सोबत पान एकोणचाळीस पाठवतेय. तुझ्यासाठी फोटोकॉपी करून घेतली. कंपनीच्या वकिलानं विचारलंय, मुलं किती? उत्तर, एक. कुठे असतो? कॅलिफोर्नियात. काय करतो? आणि तुझ्या बापाचं उत्तर असं छापलंय: ‘माणसं नीट दिसतील, ऐकू येतील, असं बघतो. चांगलं करतो म्हणतात.’ पानावर ती एक सरळ ओळ आहे. प्रत्यक्षात त्याला ती बोलायला मिनिटभर लागलं होतं.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. नोव्हेंबरमध्ये लिहायचा धीर झाला नाही. त्या दिवशी तीस सेकंद संपले, मी ‘झालं’ म्हटलं, तेव्हा एस्टिलनं विचारलं, “हे आता लोवेलकडे जाणार?”

मी नाव घेतलं नव्हतं. त्यानं ओळखलं होतं, ‘पोरगा’ म्हटलं तेव्हाच. मी हो म्हटलं.

“ऐकेल तो?”

“नीट ऐकेल. तेच त्याचं काम.”

तो थोडा वेळ दम खात बसला. मग म्हणाला, “ओळखेल?”

मी म्हटलं, “तू एक शब्द बोलला नाहीस, कसा ओळखेल?”

“मग बरं,” तो म्हणाला. पण त्याला बरं वाटलेलं नव्हतं, लोवेल. मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे चौकटीत बघतेय. तो कॅमेऱ्याकडे बघत गप्प बसला होता ना, ते तीस सेकंद तो तुझ्याकडे बघत होता.

तुझी,
व्हर्लीन


बरबँक
९ मार्च २०११

प्रिय व्हर्लीनबाई,

तुम्ही खरं सांगितलंत ते बरोबर केलंत. तेव्हा मला पटलं नव्हतं, आता पटलंय. तुमच्यावर राग होता, तोही गेला. रागाला उभं राहायला दुसऱ्याची चूक लागते, आणि इथे जिकडे हात घालावा तिकडे माझंच बोट लागतं.

दोन महिने मी एक गोष्ट करत होतो, ती कोणाला सांगितलेली नाही. कार्डासोबत तुम्ही पाठवलेली धुतलेली जबानी घेतली, तीस सेकंदांतले श्वास सुटे केले, सात निघाले, आणि ते सात श्वास उलटसुलट करून बाबांच्या शब्दांमध्ये बसवत गेलो. कोर्टासाठी नव्हे. ओमासाठी, किंवा माझ्यासाठी. हे माझं रोजचं काम आहे. न आलेला हुंदका मी नटाच्या तोंडी घालतो आणि लोक रडतात. पण इथे एकही जागेवर बसला नाही. खांदे वर जायचे तेव्हा श्वास खाली यायचा. ‘तीन पायऱ्या’ म्हणताना तो जसा ओढला असेल तसा त्या सातांत नाहीच. बाबा बोलताना वेगळा श्वास घेत होते आणि ते तीस सेकंद वेगळा. आता तुमच्या पत्रानंतर कळलं की का. काल सगळं पुसून टाकलं. मूळचे तीस सेकंद ठेवलेत.

त्या फाइलीला मी एप्रिलमध्ये नाव दिलं होतं: ‘नको असलेला आवाज – दोन’. ते बदलायला बसलो आणि दुसरं काही लिहिता येईना. तसंच आहे.

पुढच्या महिन्यात सॉरवूडला येतोय. ओमाला भेटेन, थडग्यावर जाईन. त्याचा आता कोणाला उपयोग नाही, हे मला कळतं.

बाबांनी विचारलं होतं, ओळखेल का. नाही ओळखलं, व्हर्लीनबाई. दोन संध्याकाळी कान लावून बसलो, पन्नास वेळा ऐकलं, आणि नळी गळतेय म्हणून कळवलं.

लोवेल